न बघता दुप्पट

रमाकांत खानोलकरला लग्नात सासऱ्यांनी आरामखुर्ची दिली, आणि त्यानंतरच्या सहा वर्षांत तिच्यात कोणालाही आराम करता आला नाही. सासऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते वेंगुर्ल्याचे, त्यांच्या घराला पडवी होती, आणि आरामखुर्चीला जागा किती लागते हा प्रश्न पडवीवाल्या माणसाला आयुष्यात पडत नाही. खुर्ची अस्सल सागवानी, वेताच्या विणीची. तिचे लांब हात पुढे फिरवले की त्यांवर पाय टाकून पडता येई. गिरगावातल्या गोविंदजी चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती पहिल्यांदा मांडली तेव्हा रमाकांतचा उजवा पाय स्टोव्हपाशी आणि डावा देव्हाऱ्यापाशी पोचला. एका पायाला चटका आणि दुसऱ्याला पाप, असा आराम कुणाला मानवणार? तेव्हापासून खुर्ची दाराआड उभी होती. तिच्यावर अंथरुणं, अंथरुणांवर ट्रंक आणि ट्रंकेवर छत्र्या. पाहुणे आले की रमाकांत ती लांबून दाखवी.

खुर्ची मावेल अशी जागा अख्ख्या चाळीत एकच होती. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचं पश्चिमेकडचं टोक. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून चौपाटीचा वारा थेट तिथे येई, आणि बाकीची गॅलरी धोतरं वाळत घालून त्याची वाट बघत बसे. ह्या टोकाला चाळीत ‘हवेचा कोपरा’ म्हणत. पूर्वी त्यावरून इतकी भांडणं होत की बादल्या कामी आल्या होत्या. शेवटी चाळीच्या कमिटीने ठराव केला: श्रावणातल्या रविवारी दुपारी गॅलरीत चटई टाकून तीन पत्ती खेळायची. पैशाने नाही, चिंचोक्यांनी. गोकुळाष्टमीला जो जिंकेल त्याचा कोपरा, पुढच्या अष्टमीपर्यंत. दिल्लीकरांनी मुंबईचा प्रश्न त्या काळात किती आयोग नेमून किती चिघळवला हे सगळ्यांना माहीत आहे. गोविंदजी चाळीने आपला प्रश्न पत्त्यांच्या एका जोडात सोडवला होता.

सोडवला होता म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात चार वर्षं कोपरा राजाराम तळाशिलकरांकडे होता.

तळाशिलकर ट्रामवर तपासनीस होते. चालत्या ट्रामच्या खडखडाटात पुढच्या टोकाच्या उतारूला मागच्या टोकावरून तिकीट मागायची सवय, त्यामुळे त्यांचा आवाज घरात आला तरी ट्राममध्येच असे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये त्यांना फार मान होता. भोंगा बिघडला की लोक तळाशिलकरांना पुढे ढकलत. वक्त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते घोषणा देत. त्यामुळे काही वक्त्यांची काही वाक्यं अजून अर्धीच आहेत.

पत्ते ते तसेच खेळत. आता तीन पत्तीचा एक नियम ठाऊक नसलेल्यांसाठी सांगायला हवा. प्रत्येकाला तीन पानं मिळतात. ती न बघता खेळता येतं आणि बघूनही. न बघणाऱ्याने एक चिंचोका टाकला तर बघणाऱ्याने दोन टाकायचे. म्हणजे ह्या खेळात अज्ञान स्वस्त आणि ज्ञान महाग. तळाशिलकरांनी चार वर्षांत आपली पानं एकदाही उचलून पाहिली नव्हती. पानं पडली की ते त्यांवर पंजा ठेवत, चटईवर दुसरा पंजा आपटत आणि गर्जत, “न बघता दुप्पट.” पुन्हा पाळी आली की पुन्हा दुप्पट. माणसं आपली पानं बघत, तळाशिलकरांच्या तोंडाकडे बघत, आणि पानं खाली ठेवत. मध्ये जमलेले चिंचोके तळाशिलकर ओढून घेत. त्यांच्या हातात काय होतं ते कोणालाच कळत नसे, त्यांनासुद्धा.

अठ्ठावन्न सालच्या श्रावणात ललितावहिनींनी, म्हणजे रमाकांतच्या बायकोने, पोहे परतता परतता सांगितलं, “ह्या अष्टमीला कोपरा मिळाला तर खुर्ची तिथे जाईल. नाही मिळाला तर जुन्या बाजारात जाईल. मला खोलीत शिवणाचं मशीन ठेवायचंय.”

“अगं, तुझ्या वडिलांनी दिलेली खुर्ची आहे ती.”

“म्हणून सहा वर्षं थांबले. तुमच्या वडिलांनी दिली असती तर कधीच गेली असती.”

रमाकांत विमा कंपनीत कारकून होता. दुसऱ्यांच्या संकटांचा हिशेब ठेवून स्वतःच्या संकटात बावचळणं हा त्या धंद्यातला नेहमीचा आजार आहे. तो गॅलरीत आला आणि त्याने एक घोडचूक केली. त्याने सल्ला विचारला.

चाळीत सल्ला विचारायचा नसतो. न विचारताच तो इतका मिळतो की विचारल्यावर पूरच येतो. पहिले आले तळमजल्यावरचे कुशाबा. तरुणपणी ते साताऱ्याकडे कुस्त्या मारत. आता वाडीतल्या तालमीत पोरांना माती लावत. “अवो रमाकांतराव,” ते म्हणाले, “अंगावर येणाऱ्या गड्याला मोकळं सोडायचं नसतंय. त्यो दुप्पट म्हनला की तुमी चौपट म्हना. बिचकतंय बघा.”

पहिल्या रविवारी तळाशिलकर “दुप्पट” म्हणाले. रमाकांत “चौपट” म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला, पण शब्द बरोबर निघाला. तळाशिलकर बिचकले नाहीत. उलट, चार वर्षांनी बरोबरीचं कोणीतरी भेटलं म्हणून त्यांना भरून आलं. “शाब्बास रे रमाकांता. परत दुप्पट.” हा जिव्हाळा रमाकांतचे चिंचोके संपेपर्यंत टिकला. पानं उघडली तेव्हा रमाकांतकडे सगळ्यात मोठं पान नव्वी होतं. ते हातात घेऊन आपण कोणत्या जोरावर चौपट म्हणालो हे त्याला सांगता येईना. कुशाबांनाही येईना. “डाव बरुबर हुता,” ते म्हणाले, “पानं चुकली.”

चिंचोके संपले की कमिटीच्या डब्यातून नवे मिळत, पण त्यासाठी अर्ज लागे. कमिटीचे चिटणीस दत्ताराम मास्तर. शाळेत गणित शिकवत आणि चाळीत कायदा. ‘सदर भाडेकरूस चिंचोक्यांची निकड उत्पन्न झाली असून’ असा अर्ज, त्यावर दोन शेजाऱ्यांची शिफारस. रमाकांतने तो ऑफिसच्या उत्तम अक्षरात लिहिला. मास्तरांनी चष्मा लावून वाचला, ‘निकड’ची वेलांटी दुरुस्त केली आणि कारण विचारलं.

“सगळे गेले.”

“निष्काळजीपणाने की परिस्थितीने?”

“कुशाबांच्या सल्ल्याने.”

“म्हणजे निष्काळजीपणाने.” मास्तरांनी शेरा मारला आणि चिंचोके मोजून देता देता स्वतःचा सल्लाही दिला. “ही ताकदीची गोष्टच नाही. भ्रम निर्माण करा. हातात काही नसलं तरी तीन एक्के आल्यासारखा चेहरा ठेवायचा. प्रतिपक्ष आपोआप माघार घेतो.”

आठवडाभर रमाकांतने आरशासमोर तीन एक्के आल्याचा चेहरा केला. ललितावहिनींनी दोनदा पोट बिघडलंय का म्हणून विचारलं. दुसऱ्या रविवारी तो चेहरा इतका साधला की तो बघून चटईवरच्या बाकीच्या सगळ्यांनी पानं टाकली. खुद्द दत्ताराम मास्तरांनीसुद्धा टाकली. टाकली नाहीत ती एकट्या तळाशिलकरांनी, कारण त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. जो माणूस स्वतःची पानं बघत नाही तो दुसऱ्याचं तोंड कशाला बघेल? रमाकांत हसत राहिला, तळाशिलकर दुप्पट करत राहिले, आणि संध्याकाळी रमाकांतने दुसरा अर्ज लिहिला. ह्या वेळी ‘निकड’ शुद्ध होतं.

त्याची आता चाळीत बातमी झाली होती. जिन्यात माणसं थांबून त्याच्याकडे बघत. दुसऱ्या मजल्यावरच्या टवाळांनी भिंतीवर कोळशाने लिहिलं, ‘कोपऱ्यासह संयुक्त गॅलरी झालीच पाहिजे.’ त्याखाली कोणीतरी ‘खानोलकरांच्या खुर्चीसह’ अशी पुरवणी जोडली. ही लढ्याची थट्टा आहे अशी तक्रार कमिटीकडे आली. मास्तरांनी भिंतीची पाहणी करून, शुद्धलेखनाची चूक नसल्यामुळे मजकूर राहू दिला.

तिसऱ्या रविवारी सकाळी कमरेला कपड्यांचं बोचकं आणि डोक्यावर भांड्यांची पाटी अशी बोहारीण चाळीत आली. जुने कपडे घ्यायचे आणि नवी भांडी द्यायची हा तिचा व्यापार, आणि तिचं बोलणं ऐकलं की कुठलीही भरलेली ट्रंक आपणहून उघडावी. रमाकांत दाराआड, उभ्या खुर्चीच्या शेजारी, दाढी करत होता. बाहेर उंबऱ्यावर ललितावहिनींनी काय काढलंय ते त्याला फटीतून दिसलं. त्याचा लग्नातला कोट.

माणसाला आपला लग्नातला कोट विकला जाताना बघायची वेळ फार क्वचित येते. तेव्हा बाहेर जाऊन विरोध करावा, की दाढी पुरी करावी? तोंडाला फेस असल्यामुळे त्याने दुसरा मार्ग पत्करला.

“काय हा कोट, वहिनी,” बोहारीण कडाडली, “कसर खाल्लेला. ह्याला एक वाटी देते. उद्या कोण ही पण देणार नाही.”

ललितावहिनींनी कोटावरचा एक धागा झटकला. “हं,” त्या म्हणाल्या.

“बरं, दोन वाट्या. तुमच्या हातची भवानी म्हणून.”

“हं.”

“अस्तर फाटलंय बघा इथं. ह्यात मी मरते, वहिनी. वाट्या आणि वर एक ताटली. आता बोलू नका.”

ललितावहिनी बोलल्याच नव्हत्या. त्यांनी उठायचं नावही घेतलं नाही आणि कोट मागेही ओढला नाही. फक्त, “हं.”

पुढचा सगळा सौदा बोहारणीने एकटीनेच केला. ती चिडली, कळवळली, पाटी डोक्यावर घेतली, पुन्हा खाली ठेवली, कोटाच्या बटणांचं कौतुक केलं, मालकांच्या तब्येतीची चौकशी केली, आणि दर खेपेला स्वतःच्याच तोंडाने भाव चढवला. शेवटी एक झाकणाचं पितळी पातेलं उंबऱ्यावर ठेवून ती दमून बसली आणि पाणी मागितलं.

रमाकांतच्या गालावरचा साबण वाळला होता. कोट गेल्याचं दुःख तो विसरला. “अगं,” तो बाहेर येऊन म्हणाला, “तू तिला पातेलं दे असं म्हणालीसुद्धा नाहीस.”

“कशाला म्हणू? ती गप्प बसणारी बाई असती तर मला घासाघीस करावी लागली असती. जिला थांबता येत नाही तिला आपण कशाला ढकलायचं?”

रमाकांतने उरलेली अर्धी दाढी तशीच ठेवली आणि पत्त्यांचा जोड काढून बसला. तीन पानं पालथी टाकायची, ते तळाशिलकर. तीन उचलून बघायची, तो स्वतः. तासाभराने त्याला जे कळलं ते इतकं साधं होतं की चार वर्षं ते कुणाला कळलं नाही. न बघता घेतलेली पानं बहुतेक वेळा कचरा असतात. एक सत्ती, एक तिर्री आणि एक ओशाळलेला गुलाम. आवाजाने पानं मोठी होत नाहीत. तेव्हा ह्या माणसाला हरवायला तीन एक्क्यांची वाट बघायला नको. साधी जोडी मिळाली तरी पुष्कळ. वाईट पानं आली तर लगेच टाकून मोकळं व्हायचं. बरी आली तर वाढवायचं नाही, घाबरवायचं नाही, चेहरा करायचा नाही. “हं” म्हणायचं, द्यायचं ते द्यायचं, आणि वाढवायचं काम ज्याला आवडतं त्याला करू द्यायचं.

त्या दुपारी अर्धी दाढी घेऊनच तो चटईवर बसला.

“न बघता दुप्पट,” तळाशिलकर म्हणाले.

रमाकांतने पानं बघितली आणि खाली ठेवली. असं बरेच डाव झालं. कुशाबांनी मान हलवली. मग एकदा त्याच्याकडे पंजीची जोडी आली.

“न बघता दुप्पट.”

“हं.” रमाकांतने चिंचोके सरकवले.

“परत दुप्पट.”

“हं.”

“हं काय रे? बोलतोस की नाय? दुप्पट.”

“हं.”

तळाशिलकरांना जन्मात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि तो काही फारसा आवडलेला दिसला नाही. पानं उघडली. त्यांच्याकडे कचरा होता. चिंचोक्यांचा ढीग ओढताना रमाकांतच्या कोपराखाली चटईची एक काडी मोडली. तो आवाज अख्ख्या गॅलरीने ऐकला.

श्रावणातला उरलेला रविवारही असाच गेला. कधी रमाकांत हरलाही, कारण आंधळ्या पानांतही मधून राजाराणी निघतात; पण त्याची पिशवी फुगत गेली. तळाशिलकरांनी ह्यावर आपल्या परीने उपाय केला. ते आणखी मोठ्याने दुप्पट करू लागले.

कमिटीचा नियम असा, की अष्टमीच्या दिवशी ज्या दोघांकडे सर्वांत जास्त चिंचोके, त्यांना ते सारखे वाटून समोरासमोर बसवायचं. एकाचे संपेपर्यंत खेळायचं. सुट्टीची दुपार, चाळीला उपास, घराघरांतून साबुदाण्याच्या खिचडीचा वास, आणि कठड्याला तिन्ही मजल्यांची माणसं. तळाशिलकर नवा सदरा घालून आले होते. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी राधाबाई, आणि दारात हात पुसत ललितावहिनी. जुन्या बाजारातल्या माणसाला संध्याकाळी यायला सांगितलेलं होतं. हे रमाकांतला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे ललितावहिनींना माहीत होतं.

बराच वेळ फुटकळ डाव झाले. मग रमाकांतने पानं उचलली आणि त्यात दोन सत्त्या निघाल्या. सत्तीची जोडी. मोठं काही नाही, पण पालथ्या पानांपुढे श्रीमंतीच.

“न बघता दुप्पट.”

“हं.”

दुपटीवर दुप्पट चढत गेली. आता रमाकांत पानं बघून खेळत असल्यामुळे त्याला दर वेळी दुणे टाकावे लागत होते, आणि त्यातच खड्डा होता. तळाशिलकरांची पिशवी अर्धी भरलेली असताना त्याची रिकामी झाली. पानं उघडायला लावायची तर आणखी चिंचोके हवेत. नाही तर पानं टाका, कोपरा सोडा, खुर्ची सोडा.

“टाक रे बाबा,” तळाशिलकर जरा मायेने म्हणाले. “नसतीत तर टाक पानां.”

“थांबा,” दत्ताराम मास्तर म्हणाले. “नियमावली बघावी लागेल.”

डाव तसाच ठेवून कमिटीची तातडीची बैठक चटईच्या काठावरच भरली. चिंचोके संपल्यास गहू चालतील का, गहू चालले तर उपासाला चालतील का, अशी चर्चा झाली. शेवटी मास्तरांना एक जुना ठराव सापडला: चिंचोके संपल्यास खेळणाऱ्यास घरातील एखादी टिकाऊ वस्तू मांडता येईल, मात्र ती गॅलरीत आणून दाखवावी लागेल.

रमाकांतच्या घरात टिकाऊ वस्तू एकच होती. त्याने दाराकडे पाहिलं. खुर्चीसाठी मांडलेला खेळ, आणि त्यात खुर्चीच मांडायची. ललितावहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पालथ्या पानांकडे पाहिलं.

“हं,” त्या म्हणाल्या.

कुशाबांनी छत्र्या, ट्रंक आणि अंथरुणं उतरवली आणि खुर्ची एकट्याने उचलून चटईशेजारी आणली. सहा वर्षांनी तिच्यावर उजेड पडला. कठड्यावरून “वा” असा आवाज आला. तिची किंमत किती चिंचोके, ह्यावर पुन्हा वाद झाला. मास्तरांनी सागवान बोटाने वाजवून निकाल दिला: तळाशिलकरांनी आपले उरलेले सगळे मांडले तर खुर्ची त्यांच्या बरोबरीची. की पानं उघडायची.

आता खरी भीती रमाकांतला वाटली. एवढा वेळ तळाशिलकर थांबले नव्हते, म्हणून विचार करत नव्हते. कमिटीने त्यांना थांबवलं होतं. अर्धी पिशवी अजून त्यांच्याकडे होती. त्यांनी नुसती पानं उचलून बघितली असती, तर टाकून देऊन पुढच्या डावाला उभं राहता आलं असतं.

“अवो तळाशिलकर,” कुशाबा म्हणाले, “येकदा बगा तरी.”

“अहो, माझा ऐका,” राधाबाई मागून हळूच म्हणाल्या, “एकदा पानां बघा. बघितल्यान काय कमी जाता?”

तळाशिलकरांचा हात पानांवर गेला. एका पानाचा कोपरा उचलला गेला. रमाकांतने खुर्चीच्या हातावर हात ठेवला. कदाचित शेवटचा.

मग तळाशिलकरांनी वर पाहिलं. तिन्ही मजले त्यांच्याकडे बघत होते, सभेत बघतात तसे. पानाचा कोपरा खाली पडला.

“तळाशिलकर कधी बघूक नाय,” ते गर्जले, “आणि बघूचो नाय. सगळे.” आणि त्यांनी पिशवी उपडी केली.

मास्तरांनी रमाकांतच्या सत्त्या उघडल्या. मग तळाशिलकरांचं पहिलं पान उलटलं. इस्पिकचा एक्का. कठड्यावरून हुंकार आला. दुसरं पान. बदामचा राजा. आता राणी निघून ओळ लागली, नाहीतर एक्क्याची किंवा राजाची जोडी झाली, की खुर्ची वेंगुर्ल्याहून निघून तळाशिलकरांकडे पोचली. मास्तरांनी चष्मा पुसला; गणिताच्या माणसाला असल्या वेळी घाई नसते. मग तिसरं पान उलटलं.

चौकटची दुर्री. एवढीशी, लाल, निर्लज्ज.

पुढे जो गलका झाला त्यात तालमीतली पोरं, खिचडीच्या बशा आणि दत्ताराम मास्तर सगळेच सापडले. तळाशिलकर मात्र दुर्रीकडे बघत बसले होते. चार वर्षांत आपल्या हातात काय काय येऊन गेलं असेल ह्याचा विचार त्यांना पहिल्यांदाच पडला असावा. मग ते उठले, त्यांनी कोपऱ्यातलं आपलं स्टूल उचलून राधाबाईंच्या हातात दिलं, आणि रमाकांतच्या खुर्चीचा एक हात धरला.

“चल रे रमाकांता. दुसरो हात धर.” खुर्ची उचलता उचलता त्यांनी सवयीने घोषणा दिली, “संयुक्त महाराष्ट्र,” आणि तिन्ही मजले म्हणाले, “झालाच पाहिजे.” अशा थाटात एखादी आरामखुर्ची जागेवर गेल्याचं निदान गिरगावात तरी कोणी पाहिलं नसेल. जुन्या बाजारातला माणूस मोकळ्या हाताने आला होता. तो खिचडी खाऊन मोकळ्या हातानेच गेला.

संध्याकाळी रमाकांत आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून कोपऱ्याकडे निघाला. चौपाटीचा वारा सुटला होता. खुर्चीचे हात पुढे फिरवलेले होते, आणि त्यांवर पाय टाकून, डोळे मिटून ललितावहिनी पडल्या होत्या.

तो कठड्याला टेकून उभा राहिला. खाकरला.

“बरं वाटतंय ना?” त्याने विचारलं.

“हं.”

“नाही, बस तू. दमली असशील. मी आपला ऑफिसातून आल्यावर बसत जाईन.”

“हं.”

“म्हणजे सकाळी तर मला वेळच नसतो. दुपारीही तूच बसत जा.”

वाऱ्याने त्यांच्या कपाळावरची बट हलली. डोळे मिटलेलेच होते.

“हं.”

“संध्याकाळी तरी वारा तुला हवा असतो म्हणा,” रमाकांत म्हणाला. “मी रविवारी बसेन. रविवारी चालेल ना?”

पलीकडे स्टुलावर बसलेले तळाशिलकर हे सगळं ऐकत होते. ते पुढे वाकले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात सांगितलं, “रमाकांता, आता पानां टाक.”

रमाकांतने टाकली. मग तो खोलीत गेला, खुर्ची गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या भिंतीशी चटई पसरून लांब आडवा झाला. त्याचे दोन्ही पाय पुरते सरळ झाले. एकही स्टोव्हला लागला नाही आणि एकही देवाला.